लेलोचा नाद

आमच्या गावात तीन मजल्यांच्या वर काही नाही.
चर्चचा मनोरा आहे, पण त्याला जिना,
आणि जिन्याची किल्ली पाद्र्याकडे.
अशा बेटावर माझ्या मुलीला सातव्या वर्षी
लिफ्टचा नाद लागला.

कुठून लागला, कोण जाणे.
एहा म्हणते, तुझ्या बहिणीकडे, नाताळात.
असेल.
फ्रीजच्या दाराला खडूची बटणं आली,
लोणी काढायचं तर आधी सांगावं लागे
कितवा मजला.
धाकटा उकू कायमचा प्रवासी:
टोपी घालून उभा, दार उघडायची वाट बघत.

मी हेल्टर्माच्या धक्क्यावर बोटीत गाड्या चढवतो.
पुढे, अजून पुढे, बस, हँडब्रेक.
जन्म आडवं पाठवण्यात गेला,
उभ्या प्रवासातलं मला काय कळणार?
तरी रात्री, पोरं झोपल्यावर,
चुलीत बर्चचं शेवटचं लाकूड सारून वाचत बसलो.
लिफ्ट वर जाते तेव्हा भिंतीमागे
कोणाला न दिसता
जवळजवळ तेवढंच जड काहीतरी खाली येत असतं.
पुस्तक मिटलं.
आई मासळीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून यायची,
आम्ही शाळेला निघायचो,
दारात एकमेकांना ओलांडायचो.
तिच्या हातांना खारवलेल्या माशांचा वास.
तेव्हा तो नको वाटायचा.

फेब्रुवारीत तिला तालिनला नेलं.
बोट, मग बस, मग लास्नामाएच्या
एकसारख्या नऊमजली इमारती, एकामागून एक.
विर्वे आत्याकडे सूप जेमतेम प्यायली आणि निघाली.
दुपारभर आठ इमारती.
प्रत्येकीचा आवाज वहीत:
ही घोरते. ही उचकी देते.
हिला चौथा मजला आवडत नाही.
एका दारात म्हातारीने हटकलं,
कोणाकडे जायचंय?
लेलो म्हणाली, लिफ्टकडे.
म्हातारीने पिशवी खाली ठेवली,
आणि आमच्याबरोबर तीनदा वर-खाली केलं,
बटाट्यांसकट.

एप्रिलात बर्फ गेलं, लिफ्टही गेली.
निरोप नाही, काही नाही.
एका सकाळी खिडकीत बशा मांडलेल्या,
बशांत शेवाळ,
आणि लिफ्टच्या चित्रांनी एहा चूल पेटवतेय.
मी म्हटलं, अगं, ती...
ती म्हणाली, तिनेच दिलीत.

मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू.
दोरांची जाडी, ब्रेकचे जबडे,
हे सगळं डोक्यात भरून मी एकटाच मागे राहिलो,
शेवटची बोट चुकलेल्या माणसासारखा.

एहा हसली.
तेवीस वर्षांची असताना तिला ढगांचं वेड होतं.
तिच्यामागे हिंडायचं म्हणून मी नावं पाठ केली.
ती कधीच विसरली.
मी अजून धक्क्यावर मान वर करतो
आणि नाव आपोआप ओठांवर येतं.
आणि तिला?
माझ्या जुन्या मोटरसायकलचा कार्ब्युरेटर
अजून अंधारात जोडता येतो.
ती विकून अकरा वर्षं झाली.
आम्ही एकमेकांना सांभाळतो म्हणजे बहुतेक हेच:
दुसऱ्याने टाकून दिलेलं घरात कुठेतरी असतं.
याला प्रेम म्हणावं की अडगळ,
मी अजून ठरवलेलं नाही.

काल रात्री पाणी प्यायला उठलो.
टोपी घालून उकू फ्रीजसमोर उभा.
खडू पुसट झालेला.
चौथा मजला, म्हणाला.
लेलो टेबलाशी, भिंग घेऊन शेवाळावर वाकलेली.
तिने वर पाहिलं नाही.
मग मीच तोंडाने आवाज काढला,
खोल घरघर, शेवटी एक उचकी,
आणि म्हटलं, ही तिसऱ्या इमारतीतली.

पाचव्या, लेलो म्हणाली,
भिंगातून डोळा न काढता.